परत न घेतलेला दात

या, दारात कशाला उभ्या? पुढं सरका, चटई मोठी आहे. पाठ खांबाला टेकवा आणि पाय मोकळे करा, लांबून आलात. मी ताराइविनी. आमच्या चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका ओळीनं जमिनीवर बसतात आणि देवाचं वचन गाऊन सांगतात. त्यांतली पहिली ओळ मी उचलते. चाळीस वर्षं झाली. पाद्रीबाबांचं बोललेलं प्रवचन ऐकताना मला डुलकी लागते, पण तेच कुणी सुरात सांगायला लागलं की अंगावर काटा उभा राहतो. आज मात्र गाणार नाही. माझा भाऊ एमोरी आणि त्याचा मुलगा सैलोसी, दोघांची गोष्ट सांगते. देवमाशाचा एक दात आमच्या घरी आला आणि तो परत करायला आम्ही राजधानीला गेलो, एवढीच आहे. पण मधूनच उठून जाऊ नका.

आमच्या बेटावर मोठं वादळ झालं त्या साली आमच्या उतारावरची याकोनाची रोपं मुळासकट नदीला गेली. याकोना लावली की चार-पाच वर्षं वाट बघावी लागते. मूळ मनगटाएवढं होतं, मग उपटायचं, वाळवायचं, बाजाराला न्यायचं, राहिलेलं कुटून पाण्यात कालवून आपण प्यायचं. आमच्या रोपांना एकच वर्ष कमी होतं. घरांची छपरं उडाली होती. निळ्या ताडपत्र्या बांधून आम्ही राहत होतो आणि पाण्यात कुजलेली अळकुडी उकडून खात होतो.

तिसऱ्या आठवड्यात होडीतून मेजर तालेमो आले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. शर्ट इस्त्रीचा, बूट हातात, पाय चिखलात. त्यांच्या कापडात गुंडाळलेला दात होता, तेल पिऊन तांबूस झालेला, वीतभराहून मोठा, काथ्याची दोरी ओवलेला. रीत त्यांना चांगली ठाऊक: काही मागायचं किंवा केल्याची माफी मागायची तर असा दात पुढं करायचा, आणि समोरच्यानं हातात घेतला की त्यानं ते कबूल केलं. ते खाली बसले, दात दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली आणि म्हणाले, "लढवय्यांचं हे गाव. या गावाकडे मी माणसं मागायला आलोय."

आमचं कूळ लढवय्यांचंच. पूर्वी सरदारानं दात पाठवला की आमची माणसं पुढच्या रांगेत उभी राहायची. कुणाशी लढायचं, का लढायचं, हे पाठवणाऱ्यानं बघायचं. रक्त सांडलं तर त्याची जबाबदारीही पाठवणाऱ्याची. पुढं सरकार आलं. सरकारनं लेबनॉनमधल्या शांतिसेनेसाठी माणसं मागितली, तेव्हा असाच दात आला. सिनाईसाठी मागितली, तेव्हाही आला. म्हणून मेजरांनी दात पुढं केला तेव्हा कुळातला थोरला पुरुष म्हणून एमोरीनं दोन्ही हातांनी तो घेतला, कपाळाला लावला, आणि आम्ही सगळ्यांनी ओंजळी करून टाळ्या वाजवल्या. काम झालं. सैलोसी आणि आणखी चौघं दिले गेले.

माझा मुलगा नेमानी तेवढा बोलला. त्याला कुठंही बोलल्याशिवाय राहवत नाही. "साहेब, गणवेश कुणाचा हो?"

"कंपनीचा. इराकमध्ये पहाऱ्याचं काम. टोपी मिळते, चष्मा मिळतो."

"आणि झेंडा?"

मेजर हसले. "झेंड्याच्या ऐवजी पगार मिळतो. फौजेच्या चौपट."

सगळे हसले. मीही हसले. दात कुणाचा, हे विचारायचं आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही. दात आणला म्हणजे पाठीमागं कुणीतरी मोठं असणारच, असं आम्ही धरून चाललो.

सैलोसी सहा वर्षं फौजेत होता, सिनाईत दोन वेळा जाऊन आला होता. फौज सोडून तो इराकला गेला. चौदा महिन्यांत घरावर लोखंडी पत्रे चढले, लानियानाला, म्हणजे त्याच्या बायकोला, शिवणयंत्र आलं. पत्रात लिहायचा, आम्ही ट्रकांच्या रांगेबरोबर जातो, ट्रकांत अमेरिकन सैनिकांच्या जेवणासाठी गोठवलेल्या कोंबड्या असतात. नेमानी नदीवर सगळ्यांना सांगत सुटला, "आमचा भाऊ कोंबड्यांचा पहारेकरी झाला."

मुदत संपायला दहा महिने बाकी असताना एका दुपारी तो होडीतून उतरला. एक बॅग. उजव्या कानानं ऐकू येईनासं झालेलं. मी हाक मारली तर त्यानं भलतीकडेच मान वळवली.

"सुट्टी मिळाली का रे?" एमोरीनं विचारलं.

"मिळाली."

"किती दिवसांची?"

"उद्यापासून उतारावर खणायला येतो," तो म्हणाला.

आणि खरंच आला. पावसानं माती चिकट झाली होती. आधी लोखंडी पहार मारून ती फोडायची, मग हातानं ढेकळं भुसभुशीत करून ढीग घालायचा, ढिगात याकोनाचं कांड आडवं ठेवायचं. शंभर ढीग घातले की कंबर आपली राहत नाही. एमोरीचा एक गुडघा वाकत नव्हता, तो पाय लांब करून बसल्या बसल्या कांडं कापायचा. मी पाला घालायची. सैलोसी जनावरासारखा खणायचा, पण मला एक गोष्ट दिसली. तो नेहमी उताराच्या वरच्या कडेला, डोंगराकडे पाठ करून उभा राहायचा. खालच्या ओळी आम्हाला सोडायचा. ढीग पुढं सरकले की आधी डोंगर बघायचा, मग पाऊल टाकायचा. जेवायला बसलो की तो उभ्यानंच खायचा. मध्यंतरी तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येऊन गेला होता, त्यातून लानियाना चार महिन्यांची पोटुशी होती. डबा घेऊन ती वर यायची तेव्हा लांबूनच गाणं म्हणत यायची. का, ते मला नंतर कळलं.

नेमानीला ते कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे आतेभाऊ-मामेभावांनी एकमेकांची टिंगल करायची असते, न केली तर भांडण आहे की काय असं लोकांना वाटतं. चौथ्या दिवशी तो कांडांची मोळी घेऊन मागच्या वाटेनं डोंगरावरून उतरला, सैलोसीच्या बहिऱ्या कानाच्या बाजूनं, आणि अगदी जवळ येऊन म्हणाला, "काय पहारेकरी, टोपी कुठं गेली? कोंबड्यांनी नेली का?"

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, तरी सांगता येत नाही इतकं झटकन झालं. नेमानी चिखलात उताणा, छातीवर सैलोसीचा गुडघा, आणि पहारेचं टोक गळ्याच्या खळीत टेकलेलं. नेमानीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. एमोरी बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, "सैलोसी. तो आपला नेमानी आहे."

पहार बाजूला पडली. सैलोसी ढिगावर बसला, हात गुडघ्यांवर. नेमानी उठला, गळा चोळला, आणि त्याच्या शेजारीच जाऊन बसला. म्हणाला, "टोपी नाही मिळाली, हे नीट सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

तेव्हा सैलोसी बोलला. आमच्याकडे न बघता, खाली नदीकडे बघत.

"मी शेवटच्या गाडीवर होतो. मागं तोंड करून बसायचं, मशीनगन पुढ्यात. मागून येणारी गाडी शंभर पावलांच्या आत येऊ द्यायची नाही. हात करायचा, मग वर गोळी, मग रस्त्यावर, मग गाडीवर. एक पांढरी गाडी आली. मी हात केला. वर गोळी झाडली. ती हळू होईना. ब्रेक नसतील. नाहीतर त्यांना दिसलं नसेल, ऊन समोरून होतं. मी गाडीवर झाडलं."

"कोण होतं आत?" एमोरीनं विचारलं.

"चालवणारा म्हातारा. तुमच्या वयाचा. तो तिथंच गेला. शेजारी एक बाई होती, मुलगी असेल त्याची. गाडी खड्ड्यात गेली, दार उघडलं. ती बाहेर आली, उभी राहिली, परत बसली. हलत होती, बाबा. मी रेडिओवर म्हटलं, जिवंत आहे, थांबू का. पुढच्या गाडीतून उत्तर आलं, थांबायचे पैसे आपल्याला मिळत नाहीत. कोंबड्या वितळतील म्हणाला, आणि हसला. आम्ही गेलो. ती लहान लहान होत गेली. मी मागं तोंड करून बसलो होतो, मला दुसरीकडे बघताच येत नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. हेच सांगतोय ना. संध्याकाळी मी माझ्या वरिष्ठाला सांगितलं, मला कुणापुढं तरी उभं करा. तो म्हणाला, कुणापुढं? मी अमेरिकन फौजेच्या छावणीत गेलो. ते म्हणाले, तू आमचा नाहीस. इराकी पोलिसांना तर कायद्यानंच आम्हाला हात लावता येत नव्हता. पंधरा दिवसांनी कंपनीनं एका कागदावर सही घेतली आणि विमानात बसवलं. झालं त्यातलं अक्षर कुणाला सांगायचं नाही, असं त्यात लिहिलंय. आत्ता मी तोच कागद मोडतोय."

एमोरीनं हातातलं कांड खाली ठेवलं. त्याचं स्वतःचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी लेबनॉनमध्ये नाक्यावर असताना त्यानं एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याला गोळी घातली होती. माणूस थांबला नाही, एमोरी घाबरला, एवढंच. तीन अधिकारी चौकशीला बसले. त्याच्या दंडावरच्या कॉर्पोरलच्या फिती सगळ्या पलटणीपुढं कापल्या, नव्वद दिवस कोठडीत घातलं. आणि कोठडीत घालण्याआधी कर्नल स्वतः त्याला घेऊन त्या शेतकऱ्याच्या भावाच्या दारात गेले. दात घेऊन. उंबऱ्याबाहेर मान खाली घालून दोघं बसले. त्या माणसाला दात म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यानं बराच वेळ शिव्या दिल्या, मग रडला, मग दात हातात घेऊन वास घेतला आणि फळीवर ठेवला. नंतर कडू कॉफी दिली. एमोरी सांगायचा, ती कॉफी पिताना मला वाटलं, आता मी मरेपर्यंत जगू शकतो. गावात पोरं त्याला 'बिनफितीचा' म्हणून चिडवायची. तो हसायचा.

सैलोसी म्हणाला, "तुमच्या फिती कापल्या, बाबा. मला कापायला फितीच नव्हत्या. नशीबवान आहात."

नेमानीचा गळा अजून दुखत असावा, पण तोंड थांबलं नाही. "फौजेचं एवढं कौतुक नको. सरकारी बंदूक तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहे? याच फौजेनं दोनदा आपल्याच लोकांवर बंदुका रोखून सरकार पाडलंय. त्यांना कुणी कोठडीत घातलं?"

"नाही म्हणत मी," एमोरी म्हणाला. "माझ्या कर्नलच्या जागी दुसरा असता तर मलाही गुपचूप घरी धाडला असता. फौजेतही माणसंच असतात. पण ठोठवायला दार होतं, नेमानी. आत कुणी चांगला असो नाहीतर वाईट. याला दारच नाही." मग म्हणाला, "आणि याला पाठवला कुणी? मी. दात मी घेतला. या हातांनी."

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. वेदीपाशी जाऊन भाकर घ्यायची त्याआधी ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याशी मिटवायचं असतं, हे आम्ही बायका दर वेळी सुरात सांगतो. मी पहिली ओळ उचलली आणि सैलोसीकडे माझं लक्ष गेलं. तो उठून बाहेर गेला. परत आला नाही. पाद्रीबाबा भले माणूस. दुसऱ्या दिवशी घरी आले, म्हणाले, "पोरा, देव क्षमा करतो."

"तो करेल हो," सैलोसी म्हणाला. "पण ती बाई रस्त्यात बसलीय, तिला तुम्ही विचारलंत का?"

एमोरीनं ठरवलं. दात मेजरांकडून आला, तर मेजरांकडे न्यायचा. रीतीनं बसायचं, झालेलं सांगायचं, आणि म्हणायचं की ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्यांना द्या, त्यांनी त्या बापाच्या घरी न्यावा. दात एका हातातून दुसऱ्या हातात जात जात एक दिवस तिथं पोचेल. कुणी तरी घेईल, कुणी तरी शिव्या देईल, आणि सैलोसीला भाकर घेता येईल. एवढंच मागणं होतं आमचं.

लानियाना चुलीपाशी केवड्याची पानं खरवडत होती. चटईसाठी ती उकळून, वाळवून, शिंपल्यानं खरवडावी लागतात. तिनं खरवडणं थांबवलं नाही. "कागदावर सही केलीय यानं. बोलला तर सगळा पगार परत मागतील, वर खटला भरतील. पत्रे काढून नेतील. माझं मूल ताडपत्रीखाली होईल. त्या बाईला उठवणार आहे का तुमचा दात?"

"नाही," एमोरी म्हणाला.

"मग?"

"तुझा नवरा उभ्यानं जेवतो, पोरी."

दोन दिवसांनी आम्ही निघालो तेव्हा तिनं गुंडाळलेली चटई माझ्या खांद्यावर ठेवली. बाळासाठी विणलेली, लोकरीच्या झालरीची, नवी. "मोकळ्या हातांनी बसू नका, आत्या," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आम्ही चौघं निघालो. बांबूचा तराफा करून नदीनं रस्त्यापर्यंत, तिथून बस. एमोरीनं फौजेचं जुनं जाकीट घातलं होतं. नेमानी आमचा बोलणारा, रीतीचे शब्द त्याला तोंडपाठ. बसमध्ये तो म्हणाला, "मामा, मेजर आत घेणार नाही, बघा."

"आत जायचंच नाही," एमोरी म्हणाला. "आपण उंबऱ्याबाहेर बसायचं."

मेजरांचं घर टेकडीवर, समोर सिमेंटचा ओटा. खालच्या खोलीत कंपनीची कचेरी. सकाळी आठला आम्ही ओट्यावर बसलो. चटई अंथरली, पण तिच्यावर बसलो नाही. ती घेणाऱ्यासाठी असते. मान खाली घातली, दात एमोरीच्या दोन्ही हातांत. नेमानीनं घसा साफ करून शब्द सुरू केले. दार उघडलं आणि मेजरांचे पाय मला दिसले, सपाता घातलेले. ते पाय क्षणभर तसेच थांबले. आम्ही कशाला आलो ते त्यांना पहिल्या शब्दातच कळलं.

"अरे, एमोरी. जमिनीवर काय? आत या, खुर्च्या आहेत. चहा घ्या."

खुर्चीवर बसलो असतो तर ती भेट झाली असती. आम्ही हललो नाही. नेमानीनं शब्द पुरे केले, सगळं सांगितलं, पांढरी गाडी, म्हातारा, बाई. मग थांबला. आता दोन्ही हात पुढं करून दात घ्यायचा असतो. मी मान खाली घातलेलीच ठेवली होती, पण डोळे वर केले. मेजरांनी हात पँटच्या खिशात घातले होते.

"सैलोसी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तू सही केली होतीस."

"केली होती, साहेब."

"मग मी हे ऐकलं नाही. तुझ्याच भल्यासाठी."

ते आत गेले. दार लावलं नाही, तेवढी लाज होती. आम्ही बसून राहिलो. दहा वाजता ऊन ओट्यावर आलं. सिमेंट तापलं. एमोरीनं न वाकणारा गुडघा जोर करून मुडपला होता, तसा तो कधीच बसत नव्हता. त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन दातावर पडायचा. मेजरांची बायको चहा आणि बिस्किटं घेऊन आली, आमच्यापुढं खाली बसली आणि बाहीनं डोळे पुसत म्हणाली, "घ्या हो, निदान पाणी तरी घ्या." आम्ही घेतलं नाही. चहावर साय धरली, मुंग्या आल्या.

अकराच्या सुमाराला मेजर परत बाहेर आले. आता ते ओट्याच्या पायरीवर बसले, आमच्याच उंचीला. हात मात्र काखेत घट्ट.

एमोरी आजपर्यंत रीतीबाहेर कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा लेफ्टनंट होता, साहेब. लेबनॉनमध्ये, त्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत दात तुमच्या हातात होता. दारात कर्नलांनी तुमच्याकडून घेतला."

"आठवतं."

"मग हा घ्या."

"तेव्हा आपल्यामागं देश होता, एमोरी. आता माझ्यामागं एक फोन नंबर आहे. परदेशातला. वर्षाला बदलतो. मी हा दात घेतला तर तो मला कुठं तरी न्यावा लागेल. कुठं नेऊ? कंपनीला गाव नाही, दार नाही, म्हातारा माणूस नाही. कुणाच्या हातात देऊ?"

"तुमच्या हातात राहू द्या."

"म्हणजे ते रक्त माझं."

"आमच्याकडे आलात तेव्हा फोन नाही आला," एमोरी म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. "दात घेऊन तुम्ही आलात. माणसं न्यायला दात चालतो, आणि त्यांच्या हातून झालेलं परत आणलं की चालत नाही. असं कसं, साहेब?"

मेजरांनी रस्त्याकडे बघितलं. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी दात आणायला नको होता. नुसता पगार सांगायला हवा होता. पण मग तुम्ही माणसं दिली नसती."

ते उठले. "दोन वाजता मुलं यायची आहेत मुलाखतीला. तोपर्यंत उठा, मी हात जोडतो."

आम्ही उठलो नाही. दोनला एक उघडी गाडी आली. दुसऱ्या कुठल्या तरी गावाची माणसं, सहा-सात तरुण, तेल लावलेले केस, बरोबर त्यांचे दोन म्हातारे. आम्हाला ओट्यावर बसलेलं बघून ती थबकली. एमोरीच्या हातातला दात, खाली घातलेली मान, रिकामी चटई, सगळं त्यांना न सांगता कळलं. त्यांच्यातला एक म्हातारा वाकून माझ्याजवळ आला. "कुणाचं रक्त, बाई?"

"इराकमधल्या एका बापाचं," मी म्हटलं. "घेणारा मिळत नाही."

तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता परत फिरेल. मग त्यानं मागं वळून मुलांकडे बघितलं. एकाच्या पायात दुसऱ्याचा बूट होता, मोठा होत होता, दिसतच होतं. आणि ती सगळी माणसं, बसलेल्यांच्या जवळून जाताना जसं जायचं असतं तशी, कमरेत वाकून, हात खाली सोडून, पुटपुटत माफी मागत, आमच्या बाजूनं एकामागं एक आत गेली. किती चांगल्या वळणाची मुलं होती.

तेव्हा सैलोसीनं बापाच्या कोपराला हात लावला. "उठा, बाबा. तुमचा पाय."

एमोरीला दोघांनी धरून उठवावं लागलं. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. चटई मी गुंडाळली. बसमध्ये नेमानी शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पुढचं थोडंच आहे. लानियानाला मुलगी झाली, पत्र्याखालीच झाली. कंपनीनं काही केलं नाही. आम्ही सांगितलं, हे तिकडं कुणाच्या कानावरच गेलं नसावं, की आम्ही सांगितल्यानं त्यांचं काही बिघडत नव्हतं, कोण जाणे. सैलोसी खणत राहिला. याकोना वाढू लागली. पुढच्या प्रभुभोजनाला तो बाहेर चिंचेखाली बसला. आणि वेदीकडे जायची वेळ आली तेव्हा माझा भाऊ एमोरी उठला, काठी टेकत भाकर घ्यायच्या रांगेला पाठ करून बाहेर गेला आणि मुलाच्या शेजारी बसला. पाद्रीबाबा मागं गेले. "एमोरी, तुझं तर केव्हाच मिटलंय."

"ते मिटलं. हे माझंच दुसरं आहे," तो म्हणाला. "पाठवला मी."

तीन वर्षं तो बाहेर बसला, प्रत्येक वेळी. दात घरात राहिला, कापडात. आपला म्हणता येईना, दुसऱ्याचा म्हणता येईना. लग्नात द्यायला कुणी मागितला तर एमोरी म्हणायचा, हा कुणाचा तरी आहे.

मग त्याच्या छातीत पाणी झालं. गेला तेव्हा पलटणीची जुनी माणसं टोप्या घालून आली. त्याच फौजेनं त्याच्या फिती कापल्या होत्या, त्याच फौजेनं शवपेटीवर झेंडा पसरला आणि उतारावरून खांदा देऊन त्याला नेलं. सैलोसी मागून चालत होता. त्याच्यासोबत दिलेल्या चौघांपैकी एक इराकमध्येच मेला होता. त्याची पेटी विमानतळावर मालाच्या खिडकीतून मिळाली होती, सही करून. सैलोसीनं झेंड्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मरायच्या आदल्या दिवशी दुपारी एमोरीनं मला जवळ बोलावलं होतं. दम लागत होता. म्हणाला, "अक्का, मी गेल्यावर बायका गातील, मेलेल्यांची नावं घेतील. माझं घेऊ नकोस. माझं घ्यायला गाव आहे. त्यांचं घे."

"त्यांची नावं कुठं ठाऊक आहेत आपल्याला?"

"म्हणूनच सांगतो," तो म्हणाला.

तेव्हापासून मी घेते. सूर धरते, मेलेल्यांची नावं येतात, आणि शेवटी मी म्हणते, पांढऱ्या गाडीतला बाप, आणि रस्त्याच्या कडेला बसलेली ती, जिच्यासाठी कुणी थांबलं नाही. नावाशिवाय सुरात नीट बसत नाही ती ओळ. तरी बायका उचलतात. ती बाई जगली की गेली, आम्हाला कळलं नाही. तुम्ही जिथं जाल तिथं, प्रार्थनेला बसाल तेव्हा, तिची आठवण ठेवा.